आधी चप्पल आत आणा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारे एक मामा होते. उजव्या चवड्याखाली रुपयाएवढी जखम, तीन महिने झाले तरी भरत नव्हती. पायाच्या ओपीडीतला माझा तो पहिलाच आठवडा. मी हातमोजे चढवले, ड्रेसिंग सोडलं आणि जखमेत डोकं घातलं. आमच्या सिस्टर मात्र उठून दाराबाहेर गेल्या, मामांची चप्पल घेऊन आल्या आणि माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "आतनं बोट फिरव." फिरवलं. तळातून खिळ्याचं टोक वर आलं होतं, बरोबर जखमेच्या जागी. टोचत नव्हतं का, म्हणून मामांना विचारलं. "टोचलं असतं तर काढला नसता का, ताई?" मधुमेहानं तळव्याची जाणीवच गेली होती. तीन महिने ड्रेसिंग चाललं होतं आणि तीन महिने मामा त्याच खिळ्यावर उभे राहून पोती उचलत होते.

दवाखान्यात शिरताना चप्पल दाराबाहेर काढायची आपली रीत. बाकी कुठे ती चांगलीच, पण पायाच्या कामात अर्धं निदान दारात पडून राहतं. चप्पल कुठल्या बाजूनं झिजली, अंगठ्यात ढिली झाली का, तळाला बोटांचे खड्डे कुठे पडलेत, हे बघितलं की माणूस चालतो कसा ते त्यानं न चालता कळतं. म्हणून मिरज-सांगलीकडे या कामात नव्यानं येणाऱ्या मुलामुलींना मी पहिलं हेच सांगते: पेशंटला म्हणा, चप्पल घेऊनच आत या.

मी मूळची फिजिओथेरपीची. मी केली तेव्हा ती पदवी साडेचार वर्षांची होती, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे. पायाची २६ हाडं आणि ३३ सांधे तिथे पाठ केले. पायाच्या कातडीबद्दल, नखांबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. पुढे मधुमेही पायांच्या क्लिनिकमध्ये लागले तेव्हा आई शेजारी सांगायची, "ती पाय बघते." लोकांना वाटायचं, हात बघतात तसलंच काहीतरी असणार!

ब्रिटनमध्ये पोडिअ‍ॅट्री (पायांच्या तपासणी-उपचाराचं शास्त्र) ही स्वतंत्र पदवी आहे. अमेरिकेत आधी कॉलेजची पदवी, मग पोडिअ‍ॅट्रीची चार वर्षं आणि त्यावर रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं प्रशिक्षण. तिथले पोडिअ‍ॅट्रिस्ट पायाच्या शस्त्रक्रियाही करतात. आपल्याकडे बहुतेक जण आडवाटेनं या कामात येतात. कुणी फिजिओ, कुणी नर्सिंगमधून, कुणी कृत्रिम अवयव आणि ऑर्थोटिक्सचा, म्हणजे आधाराच्या पट्ट्या-बुटांचा, कोर्स करून (तो मुंबईत हाजी अलीच्या संस्थेत आहे), तर डॉक्टर मंडळी सर्जरी किंवा मधुमेहाकडून. त्यामुळे दोन पथ्यं पाळा. चार दिवसांचं वर्कशॉप करून पाटीवर 'पोडिअ‍ॅट्रिस्ट' लिहू नका. आणि ब्लेड हातात घ्यायला शिकायचं ते सर्जनच्या नजरेखालीच.

ओपीडीत सगळ्यात जास्त काय येतं, तर टाचदुखी. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत सुरी खुपसल्यासारखं होतं, दहा-वीस पावलं चाललं की जरा बरं वाटतं, संध्याकाळी पुन्हा ठणका. दिवसभर फळ्यापुढे उभ्या राहणाऱ्या शिक्षिका, एसटीचे कंडक्टर, एकदम दहा किलोमीटर पळायला लागलेले पन्नाशीचे हौशी. बहुतेकांच्या हातात एक्स-रे असतो आणि तोंडी एकच वाक्य, "हाड वाढलंय." ही समजूत काढायला मला उपचारापेक्षा जास्त वेळ लागतो. तसं वाढलेलं हाड टाच कधीच न दुखलेल्या माणसांच्या एक्स-रेतही दिसतं. दुखतो तो टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत गेलेला जाड पट्टा, प्लँटार फॅशिया.

उपाय साधे आहेत, म्हणूनच लोकांना पटत नाहीत. पलंगावरून उतरण्याआधी पायाची बोटं हातानं वर ओढून दहापर्यंत मोजायचं, असं दहा वेळा. पोटरीचा ताण दोन्ही प्रकारे द्यायचा, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून. बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पायरीच्या कडेला उभं राहायचं आणि टाच सावकाश वर-खाली करायची, एक दिवसाआड. घरातल्या फरशीवर अनवाणी फिरणं काही दिवस बंद. बहुतेकांचं दुखणं यानंच जातं, पण काही महिने घेतं. हे "काही महिने" पहिल्या भेटीतच सांगून टाका. नाही सांगितलं तर तिसऱ्या आठवड्यात पेशंट दुसरीकडे जाऊन इंजेक्शन घेतो. आणि यंत्रावर उभं करून तळव्याच्या दाबाचं रंगीत चित्र काढायचं, त्यावर हजारो रुपयांची गादी बुटात घालायला विकायची, याची घाई मला तरी पटत नाही. साध्या तयार गादीनं आणि व्यायामानं भागतंय का, ते आधी बघावं.

कुरूप आणि घट्टा यांतला फरक नव्यांना कळतो, पण कुरूप आणि चामखीळ यांत गल्लत होते. तळव्यावरची चामखीळ चालताना आत दाबली जाते आणि हुबेहूब कुरपासारखी दिसते. रेषा बघा: कुरपावरून कातडीच्या रेषा आरपार जातात, चामखिळीला वळसा घालतात. वरून दाबल्यावर दुखलं तर कुरूप, चिमटीत धरून दोन्ही बाजूंनी दाबल्यावर दुखलं तर बहुधा चामखीळ. कुरपाचा वरचा थर ब्लेडनं हळूहळू, कातडीला जवळजवळ समांतर धरून काढायचा, मग मधला काचेसारखा कडक गाभा निघतो. नीट झालं तर रक्त येत नाही आणि पेशंट उठून उभा राहतो तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहावं असं असतं. पण ज्या दाबानं कुरूप झालं तो दाब चपलेत तसाच राहिला, तर दीड-दोन महिन्यांत तोच पाय परत तुमच्यापुढे येतो.

गावाकडे कुरपावर बिब्बा घालतात, मेडिकलमधून कॉर्न कॅप आणून चिकटवतात. बिब्ब्यानं भाजतं हे उघड आहे. कॉर्न कॅपमध्ये सॅलिसिलिक अ‍ॅसिड असतं हे मात्र लावणाऱ्याला माहीतच नसतं. जाणीव असलेल्या पायाला जळजळ कळते, माणूस पट्टी काढून टाकतो. बधिर पायाला ते कळत नाही आणि कुरपाच्या जागी खड्डा पडतो. मी म्हणून प्रत्येकाला विचारते, "घरी काय काय लावून झालं?" "काही लावलंय का?" असं विचारलं तर उत्तर नेहमी "नाही" येतं.

चिखल्यांचं सांगायचं तर कृष्णाकाठचं सगळं गाव त्यात जाणकार. रात्रीची लाईट आली की गमबूट घालून उसाला पाणी पाजायला जायचं, पाय पहाटेपर्यंत ओले. २०१९च्या पुरानंतर तर आमच्याकडे करंगळीशेजारची पांढरी, फाटलेली कातडी घेऊन रांग लागली होती. बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं हा निम्मा उपचार. सुती कापडाची पट्टी बोटांत ठेवा म्हणून सांगावं. उरलेला निम्मा बुरशीचं मलम, आणि ते बरं दिसायला लागल्यावरही पुढे चालू ठेवायचं. तीन-चार औषधं एकत्र असलेली, स्टेरॉइडवाली ट्यूब लावून आलेला पाय दोन दिवस छान दिसतो, मग बुरशी पसरते. मधुमेह्याच्या चिखल्या किरकोळ समजू नका. त्या भेगेतून आत शिरलेल्या जंतूंनी पाय सुजून अ‍ॅडमिट झालेली माणसं मी पाहिली आहेत.

अंगठ्याचं नख आत रुतणं हे बहुतेक वेळा नेलकटर कोपऱ्यात घुसवून केलेलं असतं. नख सरळ कापावं, कोपरे गोल करू नयेत. पुन्हा पुन्हा पिकत असेल तर डॉक्टर अंगठा बधिर करून नखाची फक्त ती कड काढतात आणि मुळाला फिनॉल लावतात, म्हणजे ती कड सहसा परत उगवत नाही.

आता माझी चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षातली, क्लिनिकच्याही आधीची. जत तालुक्यातले एक काका टाचदुखी म्हणून आले. साखर आहे हे त्यांनी सांगितलं, मी कागदावर लिहिलंसुद्धा. आणि सवयीनं म्हणाले, रोज रात्री गरम पाण्यात पाय घालून बसा. पाचव्या दिवशी काका आले ते दोन्ही पायांवर फोड घेऊन. पाणी किती गरम होतं ते त्यांना कळलं नव्हतं, आणि त्यांना कळत नाही हे मी तपासलं नव्हतं. फोड भरायला दोन महिने लागले. काका एका शब्दानं बोलले नाहीत, त्यांच्या कारभारीण मात्र बोलल्या, आणि बरोबरच बोलल्या.

तपासायला लागतो किती वेळ? दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट म्हणजे दांडीला लावलेला नायलॉनचा जाड धागा. आधी तो हातावर टेकवून दाखवायचा, "असं लागेल" म्हणायचं. मग पेशंटला डोळे मिटायला सांगून अंगठ्याखाली आणि चवड्यावर तीन ठिकाणी, धागा नुकता वाकेल इतकाच, एक-दोन सेकंद दाबायचा. घट्ट्यावर दाबायचा नाही, तिथे चांगल्या पायालाही कळत नाही. "लागतंय का?" असं दर वेळी विचारत बसलात तर पेशंट तुमच्या आवाजाला हो म्हणतो, मधूनच न टेकवताही विचारायचं. धाग्यालाही विश्रांती लागते, सलग दहा पेशंटनंतर तो दिवसभर बाजूला ठेवा. जोडीला १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, कंप जाणवतो का ते बघायला. आणि यंत्राआधीचा एक प्रश्न, जो मला सिस्टरांनी शिकवला: "चालता चालता चप्पल पायातनं निसटते आणि कळत नाही, असं होतं का?" ज्याला होतं तो चमकून बघतो. "तुम्हाला कसं कळलं?"

मग नाडी. अंगठा वर उचलायला सांगा, पायाच्या पाठीवर दोरीसारखी कंडरा उभी राहते, तिच्या जरा बाहेरच्या बाजूला बोटं हलकी ठेवा. दुसरी नाडी आतल्या घोट्याच्या मागे. दाबून धरलं तर स्वतःच्याच बोटांची नाडी लागते. माझी पहिल्या महिन्यात तीच लागत होती. डॉप्लर (रक्ताचा प्रवाह ऐकवणारं यंत्र) लावून घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब यांचं गुणोत्तर काढतात. ते ०.९ च्या खाली गेलं की रक्तपुरवठा कमी. मधुमेहात धमन्या कडक होऊन आकडा खोटा चढतो, म्हणून १.३ च्या वर गेला तरी खूश होऊ नका. नाडी लागत नसलेल्या पायावर ब्लेड चालवायचं नाही. तो पाय आधी डॉक्टरांकडे.

आणखी एक पाय असा येतो जो बघून नवखा फसतो. एकच पाऊल सुजलेलं, लाल, दुसऱ्यापेक्षा गरम, आणि दुखत मात्र फारसं नाही. जखम नाही, ताप नाही, एक्स-रेही ठीक. "मुरगळला असेल" म्हणून चालत घरी पाठवला तर आतली हाडं मोडत जातात आणि काही आठवड्यांत तळव्याची कमान खाली बसून उलटी होते. याला शार्को म्हणतात. बधिर पाय विनाकारण गरम लागला तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत शार्कोच समजायचं, वजन टाकणं बंद, त्याच दिवशी डॉक्टरांकडे. बहुधा पूर्ण पायाला चिकटून बसणारं प्लास्टर घालतात, आणि ते महिनोन्‌महिने चालतं. ऐन सुगीत शेतकऱ्याला हे सांगणं हा या कामातला सगळ्यात अवघड भाग. कुठल्याच वर्गात तो शिकवत नाहीत.

कमाईचं विचाराल तर नुसत्या पायांवर जिल्ह्याच्या गावात पहिली दोन वर्षं दिवस भरत नाही. मी आठवड्यातून दोन सकाळी मधुमेहाच्या डॉक्टरांकडे बसायचे, बाकी वेळ गुडघे आणि कंबरा. आषाढीला मिरजेहून पंढरपूरकडे निघणाऱ्या दिंडीबरोबर एक मुक्काम जरूर करा. एका रात्रीत जितके फोड बघाल तितके ओपीडीत वर्षात दिसत नाहीत. फोडाचं छप्पर सोलायचं नाही, निर्जंतुक सुईनं कडेला टोचून पाणी काढायचं आणि तीच कातडी वर झाकण म्हणून राहू द्यायची. साखरवाल्या वारकऱ्याच्या फोडाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुई लावायची नाही.

आणि चप्पल बनवणारा माणूस शोधा. आमच्या मिरजेत कुष्ठरोगाच्या रुग्णालयाची जुनी परंपरा आहे. बधिर पायांसाठी मऊ मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल ही कुष्ठरोगाच्या कामातूनच रुळली आणि मग मधुमेह्यांच्या पायात आली. त्यामुळे एक अडचणही आली: ती काळी चप्पल बघितली की लोक भलताच रोग समजतील, म्हणून एक काकू ती पिशवीत घालून आणायच्या आणि दवाखान्याच्या पायरीवर पायात घालायच्या. आमच्या कारागिरांनी मग वरचा पट्टा तपकिरी चामड्याचा केला, थोडी कोल्हापुरीची वेणी घातली, आत तेच रबर. खिळा एकही नाही, सगळं शिवलेलं आणि चिकटवलेलं, मागे टाचेला पट्टा. मार्केट यार्डातल्या मामांची जखम त्या चपलेत सात आठवड्यांत भरली. परवा ते तपासणीला आले तेव्हा दाराशी उभे राहून म्हणाले, "ताई, चप्पल आत आणू, का आज नको?"