मशीनखालची ओल कशी पकडायची

आमच्या जळगाव-भुसावळकडे नळाला पाणी रोज येत नाही, भरून ठेवलेल्या टाकीवरच दिवस काढायचे, त्यात वॉशिंग मशीन नाहीतर आरओ मागून गुपचूप गळत असेल तर पत्ताच लागत नाही. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला साधारण 20 लिटर होतात बरं का.

रात्री झोपताना मशीन आणि आरओचा नळ सोडून बाकी सगळे नळ बंद करा, मशीन, कूलर आणि आरओखाली जुना पेपर पसरून ठेवा आणि सकाळी बघा, कुठं ओला झालाय ते लगेच कळतं (कूलरचा पंप चालू ठेवूनच बघा, बंद कूलर बऱ्याचदा गळतच नाही). पाइपच्या जॉइंटला टिश्यू पेपर लावून बघा, आणि तिथं पांढरा थर दिसला तर समजा हळूहळू झिरपतंय, आपलं बोअरचं पाणी जड, ते वाळलं की क्षार मागे राहतात. फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाका, अर्ध्या तासात फ्लश न करता भांड्यात उतरला तर आतलं रबर गेलंय.

मशीनचा नळ कपडे धुऊन झाले की बंदच करत जा, नाहीतर पाइपवर सारखं प्रेशर राहतं. आणि पाइप फुगलेला, तडकलेला दिसला तर एमसील लावत बसू नका, सरळ नवा टाका.