वरचा थर चांगला, खालचा चोपण : जिप्सम पावसाआधीच टाका

रान वरून काळंभोर दिसतं, पण ऊस कमरेएवढा होऊन थांबतो आणि पाणी दिलं की दोन-दोन दिवस वरच तुंबून राहतं. पंढरपूर, माळशिरस, मोहोळ भागातल्या कॅनॉलखालच्या भारी जमिनीत असं दिसलं, तर खताचा डोस वाढवू नका. आधी खालचा थर तपासा.

कोकणातल्या आम्ल जमिनीत चुना टाकतात, ते बघून आपल्याकडे चुना टाकू नका. आपल्या मातीत चुनखडी मुळातच भरपूर आहे. आपलं दुखणं सोडियमचं : तो वाढला की मातीत पाणी मुरत नाही, अशा जमिनीला चोपण म्हणतात.

दोन फूट खड्डा घेऊन 0 ते 30 आणि 30 ते 60 सेंटीमीटरची माती वेगवेगळ्या पिशवीत भरा. खालच्या थराचं वाळलेलं ढेकूळ काचेच्या ग्लासात पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात अलगद सोडा, हलवू नका. ढेकळाभोवती दुधासारखा गढूळपणा पसरला आणि दुसऱ्या दिवशीही पाणी निवळलं नाही, तर माती चोपण समजा. बोअरचं खारट पाणी घेतलंत तर फसाल, त्यात गाळ लवकर बसतो. नक्की काय ते प्रयोगशाळाच सांगेल : सामू (pH) 8.5 च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम, 15 टक्क्यांच्या वर असेल तर माती चोपण. अहवालात ‘जिप्समची गरज’ मुद्दाम मागून घ्या, शेजाऱ्याच्या पोत्यांवरून हिशेब करू नका.

जिप्सम टाकण्याआधी चर खोदा, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांवरून हटवतं, पण सुटलेला सोडियम पाण्याबरोबर रानाबाहेर गेला नाही तर पैसा वाया. चराला उतार आणि पाण्याला वाट हवीच. मग मे महिन्यात जिप्सम बारीक करून सारखं पसरा आणि वरच्या चार-पाच इंचांत मिसळा. खोल नांगरून गाडू नका, ते पाण्यात हळूहळू विरघळत पावसाबरोबर खाली जातं. खालच्या थरात फरक दिसायला एकापेक्षा जास्त पावसाळे लागतात.

चुनखडीच्या जमिनीत गंधकही चालतं. एक किलो गंधक साधारण साडेपाच किलो जिप्समचं काम करतं, पण गंधकाचं आम्ल मातीतले जिवाणू करतात आणि त्यांना ओल लागते, कोरड्या रानात गंधक तसंच पडून राहतं.

पहिल्या पावसावर धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरा आणि फुलावर येताच, साधारण 45 दिवसांनी, गाडा. अशा रानात युरिया वर फेकला तर नत्र हवेत उडतं, त्यापेक्षा अमोनियम सल्फेट द्या. विहिरीचं पाणीही एकदा तपासून घ्या. त्यात सोडियम बायकार्बोनेट जास्त असेल, तर दर पाळीला चोपणपणा परत वाढत जाईल.