मोटर स्टार्टरच्या नोंदींवरून ग्राहकाची नाराजी तक्रारीआधी कशी ओळखावी

निफाड-दिंडोरी भागात विहिरीवरची मोटर मोबाइलवरून चालू-बंद करणारे स्टार्टर आता सर्रास दिसतात आणि त्यांतील प्रत्येक ट्रिप (मोटर आपोआप बंद पडणे), व्होल्टेज व आदेशाची नोंद सिमकार्डमार्फत उत्पादकाकडे जमा होऊ शकते. या नोंदींवरून कोणता शेतकरी नाराज होऊ लागला आहे, हे त्याचा फोन येण्याआधी ओळखता येते. मात्र गणिती मॉडेल निवडण्यापूर्वी नोंदी घेण्यालाच शिस्त लावावी लागते. ही शिस्त न्यूट्रिनो (पदार्थातून सहसा आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण) टिपणाऱ्या शोधकांच्या रचनेतून उत्तम शिकता येते, कारण प्रचंड गोंगाटातून एखादा दुर्मीळ खरा संकेत वेगळा काढणे हेच त्यांचे काम आहे.

सर्वप्रथम नाराजी कशाला म्हणायचे ते लिहून काढावे. तक्रारींची वही त्यासाठी पुरत नाही. पुष्कळ शेतकरी तक्रार न करता गावातल्या वायरमनकडून स्टार्टर बायपास करून मोटर थेट जोडून घेतात. स्टार्टरच्या पेटीला तिन्ही फेज मिळत आहेत, पण ऐन पाण्याच्या दिवसांत तिच्यातून जाणारा मोटरचा करंट शून्य आहे आणि मोबाइलवरून आदेशही येत नाहीत, अशी अवस्था आठवडाभर टिकली तर तिला लेखी तक्रारीइतकेच वजन द्यावे.

यानंतर वेळेची नोंद तपासावी. दक्षिण ध्रुवावरील आइसक्यूब या न्यूट्रिनो शोधकाच्या मूळ रचनेत 86 तारांवर 5,160 प्रकाशसंवेदक 1,450 ते 2,450 मीटर खोलीवर बर्फात गोठवलेले आहेत. ते पुन्हा वर काढता येत नाहीत, म्हणून प्रत्येक संवेदक संकेताचे अंकांत रूपांतर जागेवरच करतो व त्याला वेळ जोडतो. सर्वांच्या घड्याळांचा मेळ काही नॅनोसेकंदांच्या आत राखला जातो. स्टार्टरला एवढी अचूकता नको, पण घटना जिथे घडली तिथेच तिची वेळ लिहिली गेली पाहिजे. शेतीची थ्री-फेज वीज ठरावीक तासांपुरती आणि कित्येकदा रात्री मिळते. त्यातच मोबाइलची रेंज गेली तर रात्री दोनची ट्रिप सर्व्हरवर सकाळी आठला पोहोचते. म्हणून घटनेची वेळ आणि नोंद पोहोचल्याची वेळ हे दोन वेगळे रकाने ठेवावेत.

मग प्रत्येक पेटीचा स्वतःचा गोंगाट मोजावा. आइसक्यूबमधील प्रत्येक संवेदक कोणताही न्यूट्रिनो आला नसतानाही दर सेकंदाला साधारण पाचशे स्पंद देत असतो आणि तो दर माहीत असल्यामुळेच खरी घटना ओळखू येते. गोंगाट मुळातच कमी करणे तर अधिक चांगले: कोलारच्या सोन्याच्या खाणीत 1965 साली वातावरणीय न्यूट्रिनोंची नोंद झाली, ती दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, कारण वरचा खडक वैश्विक किरणांतील म्युऑन नावाचे कण अडवतो. त्याचप्रमाणे सैल टर्मिनल आणि चुकीचे बसवलेले सीटी (करंट मोजणारे छोटे ट्रान्सफॉर्मर) आधी दुरुस्त करावेत, नंतरच सरासरी काढावी. ही सरासरी हंगामनिहाय असावी. पावसाळ्यात आठवड्याला चार ट्रिप झाल्या तरी कोणी विचारत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेला पाणी देताना मात्र त्याच चार ट्रिप संताप आणतात.

सर्वांत जास्त लक्ष शेजारच्या पेट्यांकडे द्यावे. आइसक्यूबमध्ये एकाच तारेवरील जवळच्या दोन संवेदकांनी एका मायक्रोसेकंदाच्या आत प्रकाश टिपला, तर तो संकेत खरा असण्याची शक्यता जास्त मानून त्यांचे संपूर्ण तरंगरूप साठवले जाते. एकट्या संवेदकाच्या संकेताचा केवळ संक्षेप ठेवला जातो, पण तो फेकून दिला जात नाही. स्टार्टरच्या बाबतीत अर्थ उलटा लागतो. एका डीपीवरच्या (वीज रोहित्रावरच्या) सगळ्या पेट्या एकाच मिनिटात सिंगल फेजिंगवर (तीनपैकी एक फेज गेल्यामुळे) ट्रिप झाल्या असतील, तर दोष बहुधा पुरवठ्याचा असतो. शेजारच्या मोटरी सुरळीत चालू असताना एकच पेटी पुन्हापुन्हा बंद पडत असेल, तर ती पेटी, केबल किंवा मोटर तपासावी लागते. एकाच पेटीवरचा ड्राय रन (मोटर पाण्याविना चालणे) विहिरीने तळ गाठल्यामुळेही असू शकतो. शेतकऱ्याचा राग सर्वच प्रसंगी पेटीवर निघतो, तरीही उपाय वेगवेगळे असल्याने प्रत्येक ट्रिपसोबत त्याच डीपीवरील इतर किती पेट्या त्याच वेळी बंद पडल्या, हा आकडा अवश्य जोडावा. माझ्या मते कोणत्याही गुंतागुंतीच्या मॉडेलपेक्षा हा एक रकाना अधिक उपयोगी ठरतो.

मॉडेल साधे लॉजिस्टिक रिग्रेशन (हो की नाही, याची शक्यता काढणारी सांख्यिकी पद्धत) असले तरी चालते. शंभर ग्राहकांत तिघे नाराज असतील, तर सगळे समाधानी आहेत असे सांगणारे मॉडेलही 97 टक्के अचूक ठरते, म्हणून अचूकतेचा आकडा पाहू नये. दिवसाला दहा फोन करता येत असतील, तर मॉडेलने नाराजीच्या शक्यतेनुसार लावलेल्या यादीतल्या पहिल्या दहांपैकी किती जण खरोखर नाराज निघाले, हे मोजावे. एका हंगामावर शिकवून पुढच्या हंगामावर तपासावे, आणि तक्रारीनंतरच्या नोंदी, उदाहरणार्थ मेकॅनिकने केलेला रीसेट, शिकवताना कटाक्षाने वगळाव्यात.

नोंदींचा असा वापर होणार आहे, हे पेटी बसवतानाच शेतकऱ्याला मराठीत सांगून संमती घ्यावी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा 2023 चा कायदाही संमतीवर भर देतो. फोन करताना यादीतील नावांबरोबर यादीबाहेरच्या दोन-तीन ग्राहकांनाही चिठ्ठी टाकून निवडावे आणि त्यांचे उत्तर त्याच तक्त्यात लिहावे, कारण मॉडेलच्या नजरेतून सुटलेली नाराजी केवळ त्याच फोनवर कळते.