ऑफर लेटरवर सही करायच्या आधी काय काय बघायचं (विदर्भातल्या नवीन पायलट पोरापोरींसाठी)

सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) झालं, आरटीआर (रेडिओवर बोलायचा परवाना) झालं, एअरलाइनचा सिलेक्शनचा मेल आला, आणि घरी पहिला प्रश्न काय तर "पगार किती?" माझं म्हणणं असं की पगाराचा आकडा सगळ्यात शेवटी वाचा. तो आज कमी असला तर दोन वर्षांनी वाढतो, पण सीनियॉरिटी (ज्येष्ठतेचा नंबर), बेस (ड्यूटी जिथून सुरू होते ते शहर), बॉन्ड (ठरलेल्या वर्षांआधी सोडलं तर पैसे भरायचा करार) आणि रोस्टर (ड्यूटीचं वेळापत्रक) या चार गोष्टी एकदा सही झाली की तुमच्या हातात राहत नाहीत. गोंदियाच्या बिरसीला, बारामतीला नाहीतर बाहेर देशात 200 तास उड्डाण करून आलेली पोरं हेच सगळं विचारून राहिलीत म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सिलेक्शनवर जास्त लिहीत नाही. लेखी, सायकोमेट्रिक, ग्रुप टास्क, सिम (सिम्युलेटर) चेक, इंटरव्ह्यू, त्याचे क्लासेस ढिगाने आहेत. फक्त लॉगबुक आणि ईजीसीएवरचे (विमान नियामक डीजीसीएचं पोर्टल) तास मिनिटापर्यंत जुळतात का हे आधी तपासा, कारण इंटरव्ह्यूमध्ये तेच पान उघडून विचारतात. आणि "आपली आत सेटिंग आहे, अमुक लाख द्या" म्हणणारा कोणी भेटला, मग तो काकांच्या ओळखीचा का असेना, तिथून उठून या.

टाइप रेटिंगचं, म्हणजे एका ठराविक विमानाचा परवाना, मात्र नीट समजून घ्या. नोकरी नसताना कर्ज काढून ए320 चं रेटिंग करून घ्यायचं की आधी नोकरी मग रेटिंग? मी दुसऱ्या बाजूचा आहे. रेटिंग केलं आणि नोकरी लांबली की करन्सी (चालू सराव) जाते, पुन्हा सिमचे पैसे, इकडे बँकेचा हप्ता काही थांबत नाही. आणि रांगेत तुमच्या पुढे कोण उभा राहील हे तुमच्या हातात नसतं. 2012 ला किंगफिशर, एप्रिल 2019 ला जेट, मे 2023 ला गो फर्स्ट, प्रत्येक वेळी हजारो तासांचे अनुभवी पायलट एकदम मार्केटमध्ये आले, मग 200 तासवाल्याला कोण विचारते? ओपनिंग समोर असेल, एअरलाइनने लेखी कळवलं असेल तर गोष्ट वेगळी.

आता सीनियॉरिटी. नवीन पोरांना वाटते हा म्हाताऱ्या कॅप्टन लोकांचा विषय आहे. तसं नाही, हा तुमच्या पहिल्या दिवसाचा विषय आहे. साधारण जॉइनिंगच्या तारखेवरून नंबर लागतो, पण एकाच दिवशी तीस जण जॉइन झाले तर त्यांच्यात वर कोण? कुठे वयावरून ठरवतात, कुठे सिलेक्शनच्या मार्कांवरून, कुठे ट्रेनिंग संपून लाइनवर रिलीज झालेल्या (नेहमीच्या प्रवासी फ्लाइट्सवर सोडलेल्या) तारखेवरून. ही शेवटची पद्धत असेल तर सिम स्लॉट न मिळाल्यामुळे तुमचं ट्रेनिंग महिनाभर लटकलं की तुमचा काहीच दोष नसताना बॅचमेट पुढे जातो. म्हणून एचआरला मेलवर विचारा, नंबर कोणत्या तारखेवरून आणि तो कुठे कुठे वापरला जातो. फोनवरच्या उत्तराला किंमत नाही.

"कुठे वापरला जातो" हा प्रश्न मुद्दाम सांगतो. अमेरिकेत युनियनच्या करारामुळे बेस, विमान, सुट्टी, महिन्याची लाइन (ड्यूट्यांचा संच) सगळं नंबरवर बिड होते, म्हणजे वरच्या नंबरवाला आधी निवडतो. ते व्हिडिओ बघून आपली पोरं समजतात इथेही तसंच असते. इथे बरंचसं मॅनेजमेंटच्या हातात राहते. कमांड अपग्रेडसाठी (कॅप्टन व्हायला) नंबर लागतो, पण सोबत 1500 तास, एटीपीएल (कॅप्टनला लागणारं वरचं लायसन्स), ट्रेनिंग रेकॉर्ड आणि कंपनीला त्यावेळी कॅप्टन हवेत की नाही हेही लागते. जिथे विमानं येऊन राहिली तिथे कमांड लवकर, जिथे विमानं इंजिनवाचून जमिनीवर उभी तिथे नंबर चांगला असून काही उपयोग नाही. त्यामुळे कंपनीची ऑर्डर बुकही (किती विमानं मागवलीत) बघा.

आणि एका कंपनीतला नंबर दुसऱ्या कंपनीत चालत नाही. सोडलं की तळापासून सुरुवात, कंपनी बुडाली तरी तेच. मर्जरचं तर विचारूच नका. 2007 मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या, त्यानंतर सीनियॉरिटी आणि पगाराची घडी बसवायला धर्माधिकारी समिती नेमावी लागली, आणि 2012 मध्ये ड्रीमलायनर (बोइंग 787) विमानाचं ट्रेनिंग कोणाला मिळणार यावरून 58 दिवसांचा संप झाला. 12 नोव्हेंबर 2024 ला विस्तारा एअर इंडियात गेली तेव्हाही पायलट लोकांचा पहिला प्रश्न हाच होता, माझा नंबर कुठे बसणार. म्हणून जॉइनिंगची तारीख लिहिलेलं पत्र, रिलीजचं पत्र, सगळ्याची कॉपी घरी फाइलमध्ये ठेवा, कंपनीचा मेल आयडी कंपनीसोबतच बंद होतो.

बॉन्ड वाचताना तीन गोष्टी शोधा: किती वर्षं, किती रक्कम, आणि वर्षागणिक रक्कम कमी होते का. शेवटच्या महिन्यात सोडलं तरी पूर्ण रक्कम मागणारा बॉन्ड वाईट. बॉन्ड ट्रेनिंग सुरू झाल्यापासून मोजतात की लाइन रिलीजपासून हेही बघा, त्यात बरेच महिने इकडेतिकडे होतात. कोरे चेक कधीच देऊ नका. कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम 74 प्रमाणे भरपाई वाजवी असावी लागते, पण कोर्टात जाऊन ते सिद्ध करण्यापेक्षा आधीच सिव्हिल लाइन्सच्या एखाद्या वकिलाला दोन हजार देऊन कागद वाचून घेतलेले परवडतात.

बेस. "पुढे नागपूर बेस मिळेल" या आशेवर सही करू नका, पत्रात जे शहर लिहिलंय तिथेच राहायचं आहे असं धरून चाला. बरेच जण ठरवतात की बायको-मुलं इकडे मनीषनगरला, आणि आपण स्टाफ तिकिटावर ये-जा करू. होते, पण स्टाफ तिकीट म्हणजे सीट उरली तर. दिवाळीत उरत नाही, मे महिन्यात उरत नाही, आणि डिसेंबरात हिवाळी अधिवेशन लागलं की मुंबई-नागपूर विमानात मंत्र्यांचे पीए पण ताटकळतात, तुम्हाला कोण जागा देते. तेव्हा ड्यूटीच्या आदल्या दिवशीच बेसला पोचायचं, आणि तिथे शेअरिंगमध्ये का होईना एक खोली ठेवायची. हा खर्च पगारातून आधी वजा करा, मग दोन ऑफर एकमेकांशी लावून बघा.

हे इतकं ताणून सांगायचं कारण एफडीटीएल, म्हणजे ड्यूटी आणि उड्डाणाच्या तासांच्या मर्यादेचे नियम. डीजीसीएने जानेवारी 2024 मध्ये नियम बदलले: आठवड्याची विश्रांती 36 वरून 48 तास, रात्र मध्यरात्रीपासून पहाटे 5 ऐवजी 6 पर्यंत मोजायची, नाइट लँडिंग 6 वरून 2, रात्रीच्या ड्यूटीत फ्लाइट टाइम 8 तास आणि ड्यूटी पीरियड 10 तासांपर्यंत. एअरलाइन्सनी ताणून धरलं, दिल्ली हायकोर्टापर्यंत गेलं, मग दोन टप्प्यांत 1 जुलै आणि 1 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाले. त्यानंतर लगेच डिसेंबरात इंडिगोच्या हजारो फ्लाइट्स रद्द झाल्या आणि रात्रीच्या नियमांतून तिला 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत सवलत मिळाली, हे तुम्ही बातम्यांत पाहिलंच. सांगायचा मुद्दा, नियम पक्का असला तरी सवलतीचं दार उघडं असते, त्यामुळे चालू नियम डीजीसीएच्या साइटवर स्वतः वाचा, सेक्शन 7, सीरिज जे, पार्ट 3. कॅन्टीनमधला नियम वेगळाच असतो.

पण नियम ड्यूटी मोजतो, तुमचा जागेपणा मोजत नाही. रिपोर्टिंगपासून घड्याळ सुरू होते. सकाळी उठून नागपूरहून बेसला गेलात, दुपारभर इकडेतिकडे केलं आणि रात्री 11 ला रिपोर्ट केलं, तर कागदावर तुम्ही ताजे आणि खरं पाहिलं तर सतरा-अठरा तास जागे. रोस्टर आलं की आधी पहाटे 2 ते 6 मध्ये पडणाऱ्या ड्यूट्यांवर खूण करा, त्यांच्या आधीची झोप ठरवा आणि मगच लग्नांना हो म्हणा. नागपूरच्या मे महिन्यात दिवसा झोपायचं म्हणजे खिडकीला जाड पडदा, कूलर नाही तर एसी, फोन बंद, आणि घरच्यांना आधी सांगून ठेवणं की दुपारी पाहुणे आले तरी उठवायचं नाही. तसं रात्रीचं विमान या गावाला नवीन नाही, 1949 पासून चारही महानगरांची टपालाची विमानं मध्यरात्री सोनेगावला (नागपूर विमानतळावर) भेटून थैल्या बदलून परत जायची. पण दिवसा झोपायची कला काही त्यांनी शिकवून ठेवली नाही.

ऑगस्ट 2023 मध्ये आपल्याच एअरपोर्टवर पुण्याची फ्लाइट न्यायच्या आधी एक कॅप्टन बोर्डिंग गेटजवळ कोसळला आणि गेला. त्याला आधी सत्तावीस तासांची विश्रांती होती, म्हणजे रोस्टरवर बोट ठेवता येत नाही, पण पायलट लोकांत थकव्याची चर्चा त्यानंतर जोरात सुरू झाली. थकलात तर फटीग रिपोर्ट टाका. त्यात तक्रारीचा सूर नको: कधी झोपलो, कधी उठलो, कधी रिपोर्ट केलं, ड्यूटी किती वेळा बदलली, बस. कॉपी स्वतःकडे. आणि ब्रेथ अ‍ॅनालायझर: ड्यूटीच्या 12 तास आधीपासून थेंबही नाही, पहिल्यांदा सापडलात तर तीन महिने सस्पेंड. अल्कोहोल असलेला माउथवॉशही नको.

राहिलं सोडायचं. आयटीवाल्या मित्राचे दोन-तीन महिने बघून गैरसमज करून घेऊ नका, डीजीसीएच्या नियमात फर्स्ट ऑफिसरला (को-पायलटला) सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्ष नोटिस आहे, आणि जुन्या कंपनीच्या एनओसीशिवाय (ना-हरकत पत्राशिवाय) नवीन ठिकाणी उडता येत नाही. 2023 मध्ये आकासाचे 40 हून जास्त पायलट नोटिस न पाळता गेले तेव्हा कंपनी थेट कोर्टात गेली. म्हणून नवी ऑफर आली की त्यांना आधीच विचारा, सहा महिने थांबता का आणि ते लेखी देता का. तिथली जॉइनिंग डेट नक्की झाल्यावरच राजीनामा मेल करा, पोच घ्या, आणि एनओसी मागणारं पत्र त्याच दिवशी वेगळं टाका.