बी, सी की व्ही-एट? जुनी एमजी घेताना इंजिन कसं निवडायचं

पत्रा तोच, दरवाजे तेच, आणि इंजिनं मात्र तीन. इंग्लंडात ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ साली एमजी बी ही स्पोर्ट्स गाडी बनायला लागली ती १७९८ सीसीच्या चार सिलिंडरवर. १९६७ला त्याच गाडीत २९१२ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन बसवलं आणि तिचं नाव एमजी सी ठेवलं. १९७३ला रोव्हरचं ३५२८ सीसीचं व्ही-एट, म्हणजे व्ही आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरचं इंजिन आलं. परवा मँचेस्टरहून भाच्याचा फोन आला, "मामा, पैसे साठलेत. बी घेऊ, सी घेऊ, की सरळ व्ही-एटच घेऊ?" तासभर बोललो तरी विषय संपेना, म्हणून सगळं नीट लिहून काढतोय. कॉव्हेंट्रीत राहून मला बावीस वर्षं झाली. त्यातली सोळा वर्षं माझ्याकडे १९७१ची बी आहे, उघड्या टपाची. सी आणि व्ही-एट मित्रांच्या आहेत, पण त्या दोन्हींच्या बॉनेटखालीही मी भरपूर हात काळे केलेत.

आधी सीसी आणि अश्वशक्तीचे आकडे बाजूला ठेवा. पहिला प्रश्न हा विचारा: इंजिनाचं वजन किती, आणि ते वजन गाडीत कुठे येतंय?

कागदावर बीची अश्वशक्ती ९५, सीची १४५ आणि व्ही-एटची १३७. एवढंच बघितलं तर सी घेऊन मोकळं व्हावं असं वाटेल. पण सीचं इंजिन ओतीव लोखंडाचं आणि बीच्या इंजिनापेक्षा जवळजवळ ९५ किलो जड. हे सगळं वजन येतं पुढच्या चाकांवर. एक चांगला आडदांड माणूस कायम रेडिएटरपाशी बसवून गाडी चालवायची, असा तो हिशेब. शिवाय हे लांबलचक इंजिन बीच्या जागेत मावेना. म्हणून इंजिनाखालची आडवी तुळई (क्रॉसमेंबर) बदलावी लागली, कॉइल स्प्रिंगा जाऊन पिळल्या जाणाऱ्या दांड्या (टॉर्शन बार) आल्या, रेडिएटर पुढे सरकला आणि बॉनेटला फुगवटा आला. स्टिअरिंग जड होऊ नये म्हणून त्याचे फेरे वाढवले. इंजिन बदललं म्हणता म्हणता पुढची अर्धी गाडीच बदलली.

व्ही-एटचं उलटं. हे इंजिन मुळात अमेरिकेत ब्युइकने काढलेलं, ॲल्युमिनियमचं. सिलिंडर दुप्पट असूनही वजन बीच्या लोखंडी चार सिलिंडरएवढंच भरतं. नाक खाली बसत नाही आणि ओढ मात्र पावणेदोनपट मिळते. मला विचाराल तर तिन्हींत हुशारीचं काम हेच झालं. सी फक्त दोन वर्षं टिकली, सुमारे ९,००० गाड्या निघाल्या. व्ही-एट तर १९७६पर्यंत अवघ्या २,५९१. बी १९८०पर्यंत चालू राहिली आणि पाच लाखांच्या वर बनली. सुटे भाग कशाचे सहज मिळणार आणि कशासाठी थांबावं लागणार, ते या आकड्यांवरूनच कळतं.

आता हे अंगाने कसं ओळखायचं ते सांगतो. जमलं तर तिन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवा. निघण्याआधी टायरमधली हवा स्वतः तपासा. मालकाने "आहे बरोबर" म्हटलं तरी तपासा, कारण सीच्या बाबतीत निम्मा स्वभाव हवेवर ठरतो. मित्राच्या सीला चांगले रेडियल टायर टाकले, पुढची हवा नीट ठेवली, आणि ती वळणावर कितीतरी शहाण्यासारखी वागायला लागली. आम्ही वॉरिकशरमधला फॉस वे पकडतो. रोमनांनी आखलेला रस्ता, ओळंब्याने काढल्यासारखा सरळ. तिथे तिसऱ्या गिअरमध्ये ताशी तीस मैलांवर या आणि गिअर न बदलता पाय दाबा. बी जरा विचार करून उचलते. सी संथपणे, पण थांबायचं नाव न घेता ओढत राहते, आणि त्या सहा सिलिंडरचा सलग आवाज ऐकताना जीव खरंच सुखावतो. व्ही-एट त्याच जागी पाठीत हात घालून ढकलल्यासारखी पुढे जाते.

मग एजहिलचा चढ आणि त्यातली वळणं. खरी निवड इथेच होते. बी वळणात शिरताना दोन बोटांनी सांगितलेलं ऐकते. चुकून थोडं जास्त वेगात शिरलात तरी सावरता येतं. सीला वळणाच्या आधीच ब्रेक उरकून घ्यावा लागतो. वळता वळता ब्रेक लावलात तर नाक सरळ जायला बघतं. व्ही-एट बीसारखीच वळते, पण वळणातून बाहेर पडताना उजवा पाय जपून टाका. ओल्या रस्त्यावर मागची चाकं चटकन सुटतात, कारण मागे बीचाच जुना एक्सल आणि पाटे आहेत. हे सगळं करताना स्पीडोमीटरकडे फार बघू नका. हाताला काय कळतं आणि बुडाला काय कळतं, तेवढं लक्षात ठेवा.

लहान इंजिनाबद्दल माझ्या मनात आदर आहे, त्याला घरचं कारण आहे. सांगलीत बाबांची ॲम्बॅसिडर टॅक्सी होती. तिचं १४८९ सीसीचं इंजिन आणि एमजी बीचं इंजिन एकाच घराण्यातलं, दोन्ही बीएमसी या ब्रिटिश मोटर कंपनीच्या बी-सिरीजचे. लग्नाचं वऱ्हाड घेऊन आंबा घाट उतरून रत्नागिरीला जायचं, दुसऱ्या दिवशी तोच घाट चढून परत यायचं, आणि डिकीत पाण्याचा कॅन कायम. दर महिन्याला बाबा इंजिनाचं झाकण उघडून टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हजवळची फट बघायचे. फट मोजायची पट्टी मी धरायचो. ते म्हणायचे, "टिकटिक करणारा टॅपेट बरा, गप्प झालेला वाईट." घट्ट बसलेला व्हॉल्व्ह हळूहळू जळतो, आणि जळेपर्यंत तक्रार करत नाही. इथे आल्यावर पहिल्यांदा बीचं बॉनेट उघडलं तेव्हा तेच झाकण, त्याच जागी ऑइल भरायचं बूच. पट्टी १५ थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लावली आणि हात आपोआप चालू लागले.

म्हणून दुसरा प्रश्न: गाडीचं काम कोण करणार? स्वतः करणार असाल तर बीसारखी गाडी नाही. दोन एसयू कंपनीचे कार्ब्युरेटर, चार प्लग, आणि प्रत्येक नटाला पाना फिरवायला जागा. शनिवारी सकाळी सुरू केलंत तर जेवायच्या आत सर्व्हिसिंग उरकतं. व्ही-एट बीच्याच सपाट बॉनेटखाली बसवायचं म्हणून कार्ब्युरेटर मागे ढकललेत, आणि एक्झॉस्टच्या बाजूला बोटं जेमतेम शिरतात. उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये अडकलात की आतली हवा कोंडते. कारखान्याने रेडिएटरपुढे विजेचे दोन पंखे दिले ते उगाच नाही. घेण्याआधी इंजिन वीस मिनिटं जागेवर चालू ठेवा आणि दोन्ही पंखे स्वतःहून सुरू होतात का ते बघा.

लहान गाडीत मोठं इंजिन कोंबलं की काय होतं, याचं टोकाचं उदाहरण म्हणजे सनबीम टायगर. सनबीम अल्पाइन ही चार सिलिंडरची नाजूक गाडी. १९६४ला तिच्यात फोर्डचं ४.२ लीटरचं व्ही-एट बसवलं. जागा इतकी कमी पडली की मागचा एक स्पार्क प्लग काढायला गाडीत बसायच्या जागेतून, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला (फायरवॉलला) ठेवलेल्या भोकातून पाना घालावा लागतो. ते केलेल्या माणसाला भेटा. टायगरवर त्याचा जीव असतो, पण प्लगचा विषय निघाला की आवाज बदलतो.

कारखान्याबाहेर इंजिन बदलून घेतलेल्या गाड्यांपासून सावध राहा. त्या काळात कारखान्याने उघड्या टपाची व्ही-एट विकलीच नाही, तरी बाजारात तशा भरपूर दिसतात. कोणीतरी बीमध्ये नंतर इंजिन टाकलेलं असतं. काही कामं उत्तम असतात. पण सहा वर्षांपूर्वी मी अशीच एक लाल गाडी घ्यायच्या बेतात होतो. आवाज ऐकून विरघळलोच होतो. एजहिल उतरताना दुसऱ्या वळणाला ब्रेकचं पेडल मऊ लागलं आणि जळका वास आला. खाली येऊन जॅकवर चढवून बघितलं, तर पुढच्या डिस्क बीच्या, पातळ. इंजिन आठ सिलिंडरचं आणि थांबवायची ताकद चारची. अशा गाडीत ब्रेक बघा, मागच्या एक्सलचा गिअर रेशो बघा (कारखान्याच्या व्ही-एटला ३.०७, बीला ३.९), आणि विमा कंपनीला इंजिनाबद्दल लेखी कळवा. सिलिंडरची संख्या बदललेली असेल तर चाळीस वर्षांवरच्या गाडीला मिळणारी एमओटीची, म्हणजे इथल्या वार्षिक गाडी-तपासणीची सूट जाऊ शकते, तेही आधी विचारून घ्या.

आणि एक गोष्ट इंजिनाच्याही आधीची. गंज. बीला वेगळी चासी नाही, दरवाज्याखालचे सिल हाच तिचा कणा. ते तीन थरांचे असतात आणि आतून कुजतात. वरून नवा रंग चमकत असला तरी खाली आडवं पडा आणि बोटांनी ठोकून बघा. कुठलंही इंजिन दुरुस्त होतं. कुजलेला पत्रा कापून नवा जोडायचा खर्च तीनही इंजिनांना मागे टाकतो.

पैसे कमी असतील तर हाच विचार ट्रायम्फकडे वळवा. स्पिटफायर म्हणजे लहान इंजिन, जीटी६ म्हणजे त्याच चासीवर १९९८ सीसीचं सहा सिलिंडर. जीटी६ घ्यायची तर १९६८नंतरची, कारण त्याआधीच्या गाडीचं मागचं सस्पेन्शन वळणात दगा देतं. मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्ड ज्यांना आठवते, त्यांना ही चासी ओळखीची वाटेल.

पेट्रोलचं म्हणाल तर माझी बी गॅलनला अठ्ठावीस मैल देते, मित्राची व्ही-एट बावीस-तेवीस, आणि सी वीसच्या वर जात नाही. तिन्हींना ई५ (पाच टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं) पेट्रोल घाला. ई१०ने (दहा टक्क्यांपर्यंतच्या) जुने रबरी पाइप खराब होतात.

तर भाच्या, तू रोज कामाला बसने जातोस आणि गाडी हवी आहे ती रविवारी पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत फिरायला. तुला बी. ऑक्टोबर १९६४नंतरची, पाच बेअरिंगच्या क्रँकची (आधीच्यांत तीनच), ओव्हरड्राइव्ह (मोठ्या रस्त्यावर इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) चालू असलेली, आणि १९७४च्या आधीची, म्हणजे रबरी बंपर आणि वाढवलेली उंची टळेल. दर महिन्याला मोटरवेने स्कॉटलंडला जायचं असतं तर मी तुला कारखान्याची व्ही-एट शोधून दिली असती. सी त्याच्यासाठी, ज्याला लांबच्या रस्त्यावर न घाई करता जायचंय आणि तो आवाज ऐकायचाय.

तरी माझ्या शब्दावर घेऊ नकोस. पुढच्या शनिवारी ये, तिन्ही गाड्या दारात उभ्या करतो. हवा तपासायचं गेज गॅरेजमध्ये डाव्या खिळ्याला टांगलंय. सुरुवात तिथून कर.