शेतात जायला शेजाऱ्याच्या रानातून वाट हवी असेल तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे ऊस तोडणीला आला की वाटेची भांडणं उकरून निघतात. ट्रॅक्टर बांधावर उभा, आणि पुढच्या मालकानं वाटेत काटेरी तार ओढलेली. मग मोबाईलवर शोधलं की महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 143 चा अर्ज सापडतो. तो भरू नका. ती संहिता पलीकडे चंदगड-गडहिंग्लजला लागू आहे, कर्नाटकातल्या आपल्याला नाही. आपला आधार 1882 चा भारतीय सुविधाधिकार कायदा, ज्याला कोर्टात ईझमेंटचा कायदा म्हणतात; ईझमेंट म्हणजे आपल्या रानाच्या सोयीसाठी दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्यासारखा हक्क.

आधी गावनकाशा आणि दोन्ही रानांचे उतारे काढा. कागद कन्नडमध्ये असतात, जाणकाराकडून नीट वाचून घ्या. नकाशात वाट दाखवलेली असेल तर तहसीलदारांकडे अर्ज करताना बाजू भक्कम होते.

नकाशात नसेल, तर आपला हक्क कशातून आला ते ठरवा. रान पूर्वी एकाच मालकाचं होतं, वाटणीत किंवा विक्रीत तुकडे पडले आणि दुसरी वाटच उरली नाही, तर गरजेची वाट मागता येते. ती कुठून द्यायची हे शेजारी ठरवतो, फक्त ती सोयीची हवी. दुसरी वाट मिळाली की हा हक्क संपतो.

दुसरा मार्ग वहिवाटीचा. 20 वर्षं उघडपणे, शांततेत, खंड न पडता आणि हक्कानं वापर हवा; सरकारी जमिनीवर 30 वर्षं. शिवाय हा वापर दाव्याआधीच्या दोन वर्षांच्या आत तरी चालू असायला हवा. बहुतेकांची अडचण ‘हक्कानं’ या अटीवर होते. काकांनी “जा की रे, आपलंच रान आहे” म्हटलं आणि आपण जात राहिलो, तर ती परवानगी ठरते, आणि परवानगी काढून घेता येते. पायवाटेच्या हक्कात ट्रॅक्टरची वाटही येत नाही. म्हणून गाडी जात होती हे सांगणारे जुने साक्षीदार शोधा, चाकोऱ्यांचे फोटो काढून ठेवा.

मग पेरणीआधी, गावातले दोन वडीलधारे घेऊन बोलायला जा. “काका, बांधालगत दहा फूट द्या, पिकाचं नुकसान भरून देतो,” असं स्पष्ट मागा. जमलं तर सर्व्हे नंबर, वाटेची रुंदी, कोणता बांध आणि ट्रॅक्टर जाईल हे सगळं लिहून सब-रजिस्ट्रारकडे नोंदवा. मला हाच मार्ग सगळ्यांत चांगला वाटतो. तोंडी शब्द पुढची पिढी पाळेलच असं नाही.

जमलं नाही तरी तार स्वतः तोडू नका. हक्क असला तरी अडथळा आपल्या हातानं काढायला हा कायदा स्पष्ट मनाई करतो. मारामारीची वेळ आली असेल तर तहसीलदारांकडे तालुका दंडाधिकारी म्हणून जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 2023 च्या कलम 166 खाली ते वापराच्या हक्काची चौकशी करू शकतात. पण बारमाही वाट तक्रार देण्याआधीच्या तीन महिन्यांत वापरलेली हवी, हंगामी वाट मागच्या हंगामात. त्यामुळे वाट अडली की लगेच हालचाल करा.

कायमचा निकाल दिवाणी कोर्टात. वाट अडवू नये असा मनाई हुकूम मागा, आणि जागेची पाहणी करायला कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज द्या. वाटेची पट्टी आपल्याच मालकीची आहे असं त्याच दाव्यात म्हणू नका, सुविधेचा हक्क दुसऱ्याच्याच जमिनीवर असतो.

आणि भावाभावांत वाटणी व्हायची असेल, तर वाटणीपत्रातच प्रत्येकाच्या तुकड्याची वाट फुटांत लिहून घ्या.