मऊ सीटनेच घात केला

रोड बाइक (डांबरी रस्त्यावर वेगाने चालवायची सायकल) घेतली तेव्हा दुकानदार म्हणाला, "मॅडम, सीटला जेलचं कव्हर लावा." लावलं. खडकवासल्याला पोचेपर्यंत हातांना मुंग्या आणि खाली नुसती आग! मऊ गादीत बसायची दोन हाडं रुततात आणि दाब नको तिथे येतो, हे नंतर कळलं. मग पुठ्ठ्यावर बसून उमटलेल्या दोन खळग्यांमधलं अंतर मोजलं आणि त्याहून थोडं रुंद, मधे खाच असलेलं, चांगलं टणक सीट घेतलं. हँडल लांब पडत होतं. १०० मिमीचा स्टेम (हँडल सायकलला जोडणारा आडवा तुकडा) काढून ७० चा बसवला, मुंग्या थांबल्या. पॅडच्या शॉर्ट्सखाली आतलं काही घालायचं नसतं, शिवण घासते, हे मात्र कुणीच सांगितलं नव्हतं. (दुकानदार तरी कसा सांगणार म्हणा!) आता सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येते. वर अजून नाही.